काल-परवाच्या युद्धाच्या देशात फिरताना: तयारीपासून परतीपर्यंत

बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोच्या फुटपाथवरून चालताना मध्येच पायाखाली एक लाल डाग येतो. मधोमध खळगा, भोवती कुणी नखांनी ओरबाडल्यासारख्या रेघा आणि त्या सगळ्यांत भरलेलं लाल रेझिन. तोफगोळा पडून माणसं मेली त्यांतल्या काही जागा युद्धानंतर अशा भरून ठेवल्या आहेत. लोक त्यांना 'सारायेवोचे गुलाब' म्हणतात. पहिल्या दिवशी मी अशाच एका गुलाबावर उभा राहून मोबाईलवर हॉटेलचा रस्ता शोधत होतो. समोरून येणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्या जागेला वळसा घालून पुढे गेल्या. तेव्हा कुठे मी खाली पाहिलं.

हा लेख अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी आहे: बोस्निया, रवांडा, कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम, श्रीलंका, उत्तर आयर्लंड. 'अलीकडचं युद्ध' म्हणजे किती वर्षांपूर्वीचं? माझं माप सोपं आहे. ज्या युद्धात लढलेली, वाचलेली किंवा घरचं माणूस गमावलेली माणसं आज रस्त्यात भेटू शकतात, ते अलीकडचं. पानिपतच्या मैदानात तुम्ही काहीही विचारलंत तरी कुणाची झोप उडत नाही. इथे उडू शकते.

अशा जागी जावं की नाही यावर पुष्कळ वाद घातला जातो. मला विचाराल तर जावं. तिथल्या लोकांनी संग्रहालयं उभारली ती कुणी तरी येऊन पाहावीत म्हणूनच. माझी अट एकच: जे घरी बसून वाचता येतं ते तिथल्या माणसाला विचारायचं नाही. कुणाचा भाऊ गेला असेल, त्याच्याकडून युद्धाचं साल समजून घेणं म्हणजे आपल्या आळसाचा भार त्याच्यावर टाकणं. पुढचं बरंचसं या एका अटीतून आलेलं आहे.

निघण्याआधी: पाच प्रश्नांचा गृहपाठ

दोन-तीन संध्याकाळी पुरतात. एका कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. कोण कुणाशी लढलं? केव्हापासून केव्हापर्यंत? संपलं कसं? आज तिथे सत्ता कुणाची आहे? बेपत्ता माणसांचं आणि खटल्यांचं काय झालं?

यातला तिसरा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि प्रवासात सगळ्यांत जास्त तोच उपयोगी पडतो. बोस्नियाचं युद्ध १९९५ मध्ये डेटन कराराने थांबलं. देश एकच राहिला, पण आत दोन विभाग झाले: बोस्नियाक (तिथले मुस्लिम) आणि क्रोएट यांचा महासंघ, आणि सर्बांचं रिपब्लिका सर्प्स्का. त्यामुळे बसने तासभर गेलात की पाट्यांची लिपी बदलते, झेंडे बदलतात, चौकातलं स्मारक वेगळ्याच सैनिकांचं असतं. याउलट व्हिएतनाममध्ये १९७५ साली आणि श्रीलंकेत २००९ साली एक बाजू पूर्ण जिंकली. तिथे स्मारकं जिंकलेल्यांची आहेत, आणि हरलेल्यांचं दुःख घराच्या भिंतींच्या आत राहतं. युद्ध कसं संपलं हे ठाऊक असेल तर कोण मोकळेपणाने बोलेल आणि कोण आजूबाजूला पाहून आवाज खाली आणेल, याचा अंदाज आधीच येतो.

मग कॅलेंडर पाहा. रवांडात ७ एप्रिलपासून शोकाचा आठवडा पाळतात आणि स्मरणकाळ १९९४ च्या हत्याकांडाइतकाच, शंभर दिवस चालतो. त्या आठवड्यात गाणी-नाच बंद असतात. हे ठाऊक नसलेला पर्यटक हॉटेलात 'आज एवढी शांतता का?' म्हणून तक्रार करतो. कंबोडियात २० मे हा स्मरणदिन आहे. श्रीलंकेच्या उत्तरेत १८ मे हा तमिळ कुटुंबांसाठी आपल्या मृतांचा दिवस, आणि त्या दिवशी लोक जमले की पोलीस बंदोबस्त आलाच.

११ जुलैला बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाजवळच्या पोटोचारीला जायचा बेत असेल तर थोडं थांबून विचार करा. १९९५ च्या जुलैत तिथे आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा मिटवण्यासाठी मृतदेह बुलडोझरने उकरून दुसरीकडे नेऊन पुरले, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडतात. डीएनए जुळवून ओळख पटवायचं काम अजून चालू आहे आणि ज्यांची ओळख पटली त्यांचं दफन दरवर्षी ११ जुलैला होतं. काही घरांनी सापडली तेवढी हाडं पुरली आणि काही वर्षांनी आणखी सापडल्यावर तीच कबर पुन्हा उघडली. म्हणजे त्या दिवशी तुम्ही जाता ते अंत्यविधीला. तसेच कपडे, तसंच वागणं आणि कॅमेरा पिशवीत, हे जमणार असेल तर जरूर जा. नसेल तर १५ जुलैला जा. पांढऱ्या दगडांच्या रांगा तेव्हाही तिथेच असतात आणि एकेक नाव वाचायला निवांत वेळ मिळतो.

हॉटेल ठरवण्यापूर्वी त्या इमारतीचं नाव आणि युद्धाची वर्षं एकत्र टाकून शोधा. बोस्नियातल्या विशेग्राडजवळचं एक स्पा-हॉटेल १९९२ मध्ये बायकांना कोंडून अत्याचार करण्यासाठी वापरलं गेलं होतं. पुढे तिथे पुन्हा पाहुणे उतरू लागले, आणि त्यातल्या कित्येकांना हे परत आल्यावर कळलं. शोधायला पाच मिनिटं लागतात.

नावं आणि शब्द

आपण ज्याला 'व्हिएतनाम युद्ध' म्हणतो ते व्हिएतनाममध्ये 'अमेरिकेविरुद्धचं युद्ध' आहे. साहजिकच आहे, त्यांच्या देशात फ्रेंचांशी आणि चीनशीही युद्धं झालीच की. उत्तर आयर्लंडमधल्या एकाच शहराला एक बाजू डेरी म्हणते, दुसरी लंडनडेरी. समोरचा जे नाव घेईल तेच आपण घ्यावं. बोस्नियात 'यादवी' म्हटलंत की काही जण गप्प होतील, कारण त्यांच्या लेखी ते बाहेरून झालेलं आक्रमण होतं. तुम्ही नुसतं 'युद्ध' म्हणा, चालतं. 'बोस्नियन' म्हणजे त्या देशाचा कोणीही आणि 'बोस्नियाक' म्हणजे तिथला मुस्लिम समाज, एवढा फरक जीभ टाळूला लावण्याआधी लक्षात ठेवा.

रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन मुख्य समाज. तिथे अधिकृत शब्दप्रयोग 'तुत्सींविरुद्धचा वंशसंहार' असा आहे, आणि संहार नाकारणं किंवा त्याला सौम्य करून मांडणं हा तिथे गुन्हा आहे. 'तुम्ही हुतू की तुत्सी?' हा प्रश्न कधीही, कुणालाही, कितीही ओळख झाली तरी विचारायचा नाही. १९९४ मध्ये नाक्यांवर ओळखपत्रं तपासून माणसांना बाजूला काढलं गेलं, ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

आपण कोण म्हणून जातो आहोत?

लांबच्या देशातल्या युद्धात आपण तटस्थ पाहुणे असतो असं वाटतं. दर वेळी ते खरं नसतं. भारतीय माणूस जाफन्याला गेला की त्याच्या आधी भारतीय फौज तिथे जाऊन आलेली असते. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना श्रीलंकेत होती. तिचे जवळपास १,२०० जवान तिथे कामी आले, आणि कोलंबोजवळ त्यांचं स्मारक आहे. त्याच फौजेच्या काळात, २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण गोळ्यांना बळी पडले. तिथले लोक त्यांचं स्मरण दरवर्षी करतात. स्मारक पाहून मान झुकवायची आणि रुग्णालयाबद्दल काहीच ठाऊक नसायचं, असा पाहुणा तिथल्या माणसाला लगेच ओळखू येतो. कुणी विषय काढलाच तर बचाव करू नका, माफीचं भाषणही नको. 'मी याबद्दल वाचलं आहे' एवढं म्हणून ऐकत राहा.

द्रासला जाणाऱ्यांनी आणखी एक थांबा घ्यावा असं मी सुचवेन. तोलोलिंगच्या पायथ्याचं कारगिल युद्धस्मारक सगळेच पाहतात, पाहायलाच हवं. पण कारगिलजवळ हुंदरमान नावाचं गाव आहे. ते १९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं आणि त्या युद्धात भारताकडे आलं. जुन्या वस्तीतल्या एका घरात गावकऱ्यांनी छोटं संग्रहालय केलं आहे. सीमेपलीकडे राहिलेल्या नातलगांची पत्रं आणि घरगुती वस्तू तिथे ठेवल्या आहेत. एकाच दिवशी दोन्ही पाहिलं की नकाशावरची रेष कुणाच्या अंगणातून गेली हे कळतं.

बेत आखताना

दिवसाला एकच जड ठिकाण, आणि त्यानंतरची संध्याकाळ मोकळी. हा नियम मी मोडून पाहिला आहे आणि पस्तावलो आहे. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये बहुतेक गाडीवाले तुओल स्लेंग (ख्मेर रूज राजवटीचा तुरुंग, आता संग्रहालय) आणि चोएंग एक (तिथल्या कैद्यांना मारायची जागा) एकाच सकाळी उरकून देतात. शक्य असेल तर दोन दिवसांत विभागा, आणि आधी तुओल स्लेंगच करा. तिथे माणसांना कोंडून जबाब घेतले जायचे आणि तिथूनच ट्रकने शहराबाहेर सुमारे सतरा किलोमीटरवर चोएंग एकला मारायला नेलं जायचं. त्याच क्रमाने गेलं की दुसऱ्या ठिकाणच्या खड्ड्यांना पहिल्या ठिकाणचे चेहरे मिळतात. उलटं केलंत तर सगळं नुसतं भयानक वाटतं आणि समजत काही नाही.

लहान मुलांना न्यावं का? याचा निर्णय तिकिटाच्या खिडकीवर घेऊ नका. आधी स्वतः त्या संग्रहालयाची छायाचित्रं पाहा आणि मुलाशी बोला. रवांडाच्या राजधानीत, किगालीच्या स्मारकात मारल्या गेलेल्या बालकांसाठी वेगळं दालन आहे. मोठ्यांनाही ते जड जातं. दोघं पालक असाल तर एकाने बाहेर थांबावं, मग अदलाबदल करावी.

वाटाड्या निवडताना

नोंदणी करताना दोन गोष्टी लेखी विचारा: 'तुम्ही युद्धाच्या काळात इथेच होता का?' आणि 'स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारलेलं तुम्हाला चालतं का?' पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं तरी बिघडत नाही. युद्धानंतर जन्मलेला, अभ्यास केलेला तरुण कधी कधी जास्त नीट समजावतो. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो विषय तिथेच संपला.

उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये एक पद्धत आहे, ती मला फार आवडली. त्या संघर्षातले जुने कैदीच वाटाडे असतात. फॉल्स रोडवर, कॅथलिक वस्तीत, एका बाजूचा माणूस आपली गोष्ट सांगतो, मग मधल्या भिंतीपाशी तुम्हाला दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे सोपवतो, आणि पुढे प्रोटेस्टंटांच्या शँकिल रोडवर तो सांगतो. दोघांचं म्हणणं जुळत नाही आणि कुणी जुळवायचा प्रयत्नही करत नाही. १९९८ च्या करारानंतरही त्या भिंती उभ्या आहेत आणि त्यातले काही दरवाजे रात्री बंद होतात. जिथे अशी जोडी मिळत नाही तिथे तुम्ही स्वतः दोन दिवस दोन वेगळे वाटाडे घेऊ शकता. बोस्नियातल्या मोस्तारला शहराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतून एकेक घ्या.

प्रत्यक्ष जागेवर

देवळात जाताना घालाल तसे कपडे घाला. फोन सायलेंटवर नको, बंदच ठेवा, कारण शांत दालनात थरथरणारा फोनही ऐकू येतो. फोटोंचे नियम प्रत्येक दालनात वेगळे असतात, तेव्हा दाराशीच विचारून घ्या. नियम काहीही असो, माझी स्वतःची रेघ अशी: मृतांचे अवशेष नाहीत, रडणारी माणसं नाहीत आणि आपला चेहरा कुठल्याही फोटोत नाही. तुओल स्लेंगमध्ये तर हसू नका असं सांगणारी पाटीच लावलेली आहे. कुणाला तरी ती लावावी लागली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

ही तुओल स्लेंगची इमारत आधी शाळा होती, आणि ते लपत नाही. लांब व्हरांडे, वर्गाबाहेरचे कठडे, अंगणात व्यायामाचा लाकडी खांब. एका इमारतीच्या व्हरांड्यांना वरपासून खालपर्यंत काटेरी तारांची जाळी ठोकलेली आहे. कैद्यांनी उडी मारून जीव देऊ नये म्हणून. आत भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत, आत आणलं त्या दिवशी काढलेले. प्रत्येकासमोर थांबणं शक्य नाही आणि नुसतं समोरून चालत जाणंही बरं वाटत नाही. मी एक करतो: दहा चेहरे ठरवायचे आणि त्यांच्यासमोर नीट उभं राहायचं.

चोएंग एकला कानात लावायचं ध्वनिमार्गदर्शन मिळतं, ते जरूर घ्या. सगळे आपापल्या कानात ऐकत असतात म्हणून तिथे कमालीची शांतता असते. एकशे एकोणतीस सामूहिक खड्ड्यांपैकी शहाऐंशी खणले गेले, ८,८९५ मृतदेह निघाले, बाकीचे तसेच राहू दिले. पावसाळ्यात गेलात तर पायवाटेकडे लक्ष ठेवा. पाण्याने माती वाहून गेली की कापडाच्या चिंध्या, कधी दात, कधी हाडाचा तुकडा वर येतो. मी आधी त्याला झाडाचं मूळ समजलो होतो. जवळून पाहिलं तर निळ्या कापडाची शिवण होती, टाके स्पष्ट दिसत होते. हात लावू नका आणि उचलूनही देऊ नका. तिथल्या कर्मचाऱ्याला जागा दाखवा, ते ठराविक काळाने सगळं गोळा करतात.

मळमळलं, चक्कर आली, रडू आलं तर बाहेर या. संपूर्ण फेरी पुरी केलीच पाहिजे असं काही नाही. आणि काहीच वाटलं नाही तरी स्वतःला दोष देऊ नका. कधी कधी ते चौथ्या दिवशी, भलत्याच जागी वर येतं.

माणसांशी बोलताना

सारायेवोत तीन दिवस माझ्यासोबत एकच ड्रायव्हर होता, पन्नाशीच्या आसपासचा. पहिल्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एका इमारतीकडे हनुवटीने खुणावून म्हणाला, 'तिसरा मजला. आमचं घर.' मग हिरवा दिवा लागला आणि तो फुटबॉलवर बोलू लागला. मला शंभर प्रश्न होते, एकही विचारला नाही. तिसऱ्या दिवशी शहरातल्या जुन्या ब्रुअरीवरून जाताना त्याने आपणहून सांगितलं. युद्धात सर्ब फौजांनी शहराला घातलेल्या वेढ्यात नळ बंद होते, आणि ब्रुअरीच्या झऱ्यावर पाण्यासाठी रांगा लागत. त्या रांगांवरही गोळे पडत. तो धाकट्या बहिणीच्या बाबागाडीत पाण्याचे कॅन घालून न्यायचा. चाकं करकरायची म्हणून आईने त्यांना चिंध्या गुंडाळून दिल्या होत्या. एवढंच. वेढा १,४२५ दिवस चालला, त्यातलं त्याने मला एवढं दिलं.

युद्धाबद्दल थेट विचारू नका. 'तुम्ही इथलेच का?' 'हा भाग आधी कसा होता?' असे प्रश्न पुरेसे आहेत. समोरच्याला बोलायचं असेल तर तो त्यातून वाट काढतो, नसेल तर भाव-बाजारावर बोलतो. 'तुमच्या घरचं कुणी गेलं का?', 'तुम्ही कुणाला मारलं का?', 'तुम्ही त्यांना माफ केलं का?' हे तीन प्रश्न कायमचे बाद. शेवटचा तर विशेष करून. रवांडात गावोगावच्या गचाचा न्यायपंचायतींनी दहा लाखांहून जास्त खटले चालवले. शिक्षा भोगून आलेला माणूस आणि ज्याचं घरदार त्याने संपवलं तो, एकाच बांधाला शेती करतात. त्यांच्यात जे काही ठरलं असेल ते त्यांचं आहे. परक्याने येऊन त्याची चव घ्यायची नाही.

कुणी सांगायला लागलं तर मध्ये तोडू नका. तारीख चुकली तर दुरुस्त करू नका, तुम्ही कालच वाचून आला आहात, तो तिथे होता. 'आमच्याकडेही असंच झालं होतं' ही तुलना मनातच ठेवा, कारण ती निघाली की बोलणं तुमच्याबद्दल सुरू होतं. आकड्यांत तफावत ऐकू आली तर ती वहीत लिहा, त्याच्यासमोर सोडवू नका. रेकॉर्डिंग लपून तर नाहीच, आणि विचारून केलंत तरी गोष्टीचा रंग बदलतो. मी रात्री खोलीवर येऊन लिहितो.

तरुणांचं निराळं असतं. युद्धानंतर जन्मलेल्या पोरांना प्रत्येक पर्यटकाने युद्धाबद्दलच विचारावं याचा कंटाळा आलेला असतो. त्यांना त्यांच्या कामाबद्दल, गाण्यांबद्दल, सरकारवरच्या रागाबद्दल विचारा. तेही युद्धानंतरचंच चित्र आहे.

पैशांबद्दल एक. तुओल स्लेंगच्या अंगणात तिथून जिवंत सुटलेल्या मोजक्या माणसांपैकी काही जण आपल्या आठवणींची पुस्तकं विकायला बसत. लोक पुस्तक न घेता शेजारी उभं राहून फोटो काढून जात. असं कुणी भेटलं तर आधी पुस्तक विकत घ्या, दोन शब्द बोला, फोटोचं त्यांनीच विचारू द्या.

स्मारक वाचायला शिका

कुठल्याही स्मारकासमोर तीन गोष्टी शोधा: बांधलं कुणी, केव्हा बांधलं, आणि कुणाचं नाव नाही.

हो ची मिन्ह सिटीतलं युद्धसंग्रहालय १९७५ मध्ये उघडलं तेव्हा त्याच्या नावात 'अमेरिकी आणि त्यांच्या बाहुल्यांचे गुन्हे' असे शब्द होते. १९९० मध्ये देशांची नावं गेली, 'युद्ध आणि आक्रमणाचे गुन्हे' राहिलं. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरू झाले आणि गुन्हे हा शब्दही गेला. आता ते 'युद्धाच्या अवशेषांचं संग्रहालय' आहे. नावाच्या पाटीवरच परराष्ट्र धोरण वाचता येतं. आतले एजंट ऑरेंज या अमेरिकेने फवारलेल्या विषारी रसायनाच्या परिणामांचे फोटो खरेच आहेत, पाहवत नाहीत इतके खरे. पण हरलेल्या दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या बाजूने मेलेला व्हिएतनामी माणूस तिथे कुठे आहे, हेही शोधा. त्या सैन्याची बिएन होआची दफनभूमी कित्येक वर्षं लष्कराच्या ताब्यात, लोकांना बंद होती.

जे बांधलंच गेलं नाही तेही पाहण्यासारखं असतं. श्रीलंकेत लिट्टेच्या दफनभूमी बुलडोझरखाली गेल्या. कोप्पायला त्या जागेवर लष्करी तळ उभा राहिला. बोस्नियात प्रिएदोरजवळ ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीत १९९२ मध्ये छळछावणी होती. खाण पुन्हा सुरू झाली, कायमचं स्मारक काही झालं नाही. वाचलेले लोक दरवर्षी ३१ मे रोजी दंडाला पांढरी पट्टी बांधून प्रिएदोरच्या चौकात जमतात, कारण १९९२ मध्ये तिथल्या बिगर-सर्बांना तशा पट्ट्या बांधायला आणि घरांवर पांढरी कापडं लावायला सांगितलं गेलं होतं.

जमिनीतलं युद्ध

इथे भावनेचा काही संबंध नाही, नुसते नियम आहेत.

लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेचे वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधून सुमारे २७ कोटी छोटे गोळे विखुरले आणि अंदाजे ८ कोटी फुटलेच नाहीत. टेनिसच्या चेंडूएवढे असतात, म्हणून मुलं उचलतात. तिथे वाटेवरून उतरायचं नाही आणि मोकळ्या जमिनीवर शेकोटी पेटवायची नाही, कारण खाली पुरलेला गोळा उष्णतेने फुटतो. शिएंग ख्वांगच्या दगडी रांजणांच्या पठारावर साफ केलेल्या पट्ट्यांच्या खुणा जमिनीत बसवल्या आहेत. पांढऱ्या बाजूला खोलवर तपासलेलं आहे, लाल बाजूला नुसता वरवरचा पृष्ठभाग. पांढऱ्याच बाजूला राहा.

बोस्नियात कवटीचं चित्र असलेल्या लाल पाट्या दिसतात. पण पाटी नाही म्हणजे धोका नाही, असं धरू नका. २०१४ च्या मे महिन्यातल्या पुरांनी सुरुंगही वाहून नेले आणि पाट्याही. पडकी घरं, ओसाड बागा, गवत माजलेल्या पायवाटा टाळा. साधी खूण अशी: गावातले लोक जिथे गुरं चारत नाहीत तिथे आपण जायचं नाही. लघवीसाठीसुद्धा डांबरी रस्ता सोडू नका. लाज परवडते.

चुकून आत गेलात तर जागीच थांबा. सोबत्यांना ओरडून थांबवा. काही उचलू नका, हलवू नका. आपल्या पावलांचे ठसे स्पष्ट दिसत असतील तर नेमके त्यांच्यावरच पाय ठेवत मागे या. जराही शंका असेल तर हलू नका आणि मदत येईपर्यंत तिथेच राहा, तास लागले तरी.

युद्ध चालू असलेल्या देशात फिरायला जाऊ नका, यावर मला जास्त काही लिहायचं नाही. बहुतेक प्रवासविमा युद्धातली हानी भरून देत नाही, आणि तुम्हाला सोडवायला जाणाऱ्यांचा जीव धोक्यात जातो. युद्ध थांबलेल्या देशातही सैनिक, नाके, पूल, लष्करी तळ यांचे फोटो काढू नका आणि ड्रोन घरीच ठेवा.

विकत घ्यायच्या वस्तू

सारायेवोच्या तांबट आळीत गोळ्यांच्या पुंगळ्यांची पेनं आणि नक्षी कोरलेली तोफगोळ्यांची कवचं मिळतात. ज्यांच्यावर ते गोळे पडले त्यांनीच त्यांची वस्तू केली, तेव्हा घेण्यात मला गैर वाटत नाही. पण विमानतळावर काडतुसासारखी दिसणारी कुठलीही वस्तू तुम्हाला अडकवू शकते, रिकामी असली तरी. लाओसमध्ये बान नापिया गावात युद्धातल्या ॲल्युमिनियमचे चमचे ओतून करतात. तो चमचा विनातक्रार घरी येतो. शेतात पडलेला तुकडा मात्र कधीच उचलू नका, आणि मुलांनी विकायला आणलेला तर घेऊच नका. तुम्ही घेतलात की ते उद्या दुसरा शोधायला जातात.

मदत करायची असेल तर जागेवर नोटा वाटू नका. सुरुंग साफ करणाऱ्या, कृत्रिम पाय बसवणाऱ्या संस्थांना द्या. लाओसच्या राजधानीत, विएनतिआनला अशा एका संस्थेचं केंद्र पाहता येतं, बॉम्बमध्ये गेलेल्या पायांसाठी गावोगावच्या लोकांनी स्वतः बनवलेले लाकडी पायही तिथे आहेत.

परतल्यावर

आल्या आल्या फोटो टाकू नका, आठवडाभर थांबा. कुणाची गोष्ट लिहायची झाली तर नाव, गल्ली, चेहरा काढून टाका. तिथले शेजारी अजून शेजारीच आहेत आणि इंटरनेट त्यांच्याकडेही आहे. वहीतल्या न जुळलेल्या आकड्यांवर आता वाचा. जाण्याआधी जे पुस्तक रुक्ष वाटलं होतं ते आता भराभर पुढे सरकतं.

आणि कुणाला फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर पाठवा. सारायेवोच्या ड्रायव्हरचा मी विमानतळाच्या धावपट्टीखालून खणलेल्या बोगद्यापाशी एक फोटो काढला होता, त्याच्याच सांगण्यावरून. वेढ्यात याच वाटेने धान्य, औषधं, माणसं ये-जा करायची. आज त्यातला जेमतेम वीसेक मीटर भाग आत जाऊन पाहता येतो. कामाच्या गडबडीत फोटो पाठवायला मला दीड महिना लागला. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'मला वाटलं, तूही विसरलास.'